जळालेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर : दुरुस्तीच्या निर्णयाचा इतिहास

गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जळतो तो बहुधा तीन ठिकाणी. एक म्हणजे ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी, दुसरे म्हणजे पॉवर व्हॉल्व्हचे सॉकेट आणि तिसरे म्हणजे ज्यावर कंडेन्सर-रेझिस्टन्स बसवलेले असतात तो बोर्ड. नेमके काय जळाले आहे यावर दुरुस्ती करायची की नाही हे ठरते, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात एकाच प्रकारच्या बिघाडावर निरनिराळ्या काळात अगदी निरनिराळे निर्णय झाले आहेत. 1955 साली जळका अ‍ॅम्प्लिफायर काहीही विचार न करता कोपऱ्यावरच्या रेडिओ मेकॅनिककडे जात असे. 1975 साली तोच पुष्कळदा अडगळीत पडे. 1995 साली त्याच्या आतले करपलेले मूळ भागसुद्धा पिशवीत घालून जपून ठेवले जाऊ लागले. हा बदल समजण्यासाठी हे यंत्र कोणी, कशासाठी आणि कसे बांधले इथपासून सुरुवात करावी लागते.

निर्वात काचनळीतून विजेचा प्रवाह एकाच दिशेने नेणारा डायोड जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंगने 1904 साली इंग्लंडमध्ये केला. 1906 साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तिसरे टोक, म्हणजे एक जाळी, घातले. या जाळीवर दिलेल्या क्षीण संकेताने मोठा प्रवाह कमीजास्त करता येऊ लागला आणि वर्धन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफिकेशन, शक्य झाले. इंग्रज ज्याला व्हॉल्व्ह म्हणत त्याला अमेरिकेत ट्यूब हे नाव पडले. भारतात रेडिओबरोबर इंग्रजांचा शब्द आला, म्हणून मराठी घरांतही ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’ असेच म्हणत. पुढची तीस वर्षे हा व्हॉल्व्ह टेलिफोन, रेडिओ आणि बोलपटांसाठी घडत गेला. गिटारवाल्यांसाठी मुद्दाम असा व्हॉल्व्ह त्या काळात कोणी केला नाही. 1936 साली आरसीए कंपनीने बाजारात आणलेला 6एल6 पुढे असंख्य गिटार अ‍ॅम्प्लिफायरांचा कणा झाला, पण तोही सर्वसाधारण ध्वनिवर्धनासाठीच होता. यातल्या बहुतेक व्हॉल्व्हचे तापक 6.3 व्होल्टवर चालतात. हा विचित्र वाटणारा आकडा मोटारीच्या तीन घरांच्या शिसे-आम्ल बॅटरीवरून आला, म्हणजे तोही रेडिओचाच वारसा.

गिटारला विजेची गरज पडली ती बँडच्या गलक्यात तिचा आवाज ऐकू येईना म्हणून. जॉर्ज बोशँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1930च्या दशकाच्या आरंभी चुंबकीय पिकअपची गिटार बाजारात आणली. 1936 साली गिब्सनने ईएस-150 काढली आणि तिच्या जोडीला ईएच-150 हा अ‍ॅम्प्लिफायर विकायला ठेवला. 1939 पासून बेनी गुडमनच्या ताफ्यात चार्ली ख्रिश्चन हीच गिटार वाजवू लागला आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकल वादनाला उभी राहिली. या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरांची बांधणी त्या काळच्या रेडिओसारखीच होती. पत्र्याची चासी, वर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर, खाली हाताने ओढलेल्या तारा. रेडिओ उघडता येणारा कोणीही मेकॅनिक अ‍ॅम्प्लिफायरही उघडू शकत होता.

या धंद्याला रूप दिले ते लिओ फेंडरने, आणि तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा होता. कॅलिफोर्नियातील फुलरटन गावात त्याने 1938 साली ‘फेंडर्स रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान टाकले. गावातले वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडे आणत. कोणता भाग आधी जातो, कोणती तार हादऱ्याने तुटते, कोणता स्पीकर फाटतो हे तो रोज टेबलावर पाहत होता. 1945 साली डॉक कॉफमन या जोडीदाराबरोबर त्याने के अँड एफ नावाने थोडे अ‍ॅम्प्लिफायर बांधले आणि पुढच्या वर्षी स्वतःची कंपनी काढली. फेंडरचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला सोपे आहेत हा योगायोग मानणे चूक ठरेल. मागची फळी चार-सहा स्क्रू काढले की सुटते. कोणत्या सॉकेटमध्ये कोणता व्हॉल्व्ह बसतो याचा छापील कागद खोक्याच्या आत चिकटवलेला असतो. सगळे भाग एका जाड तंतुबोर्डावर पितळी छिद्रांत ओळीने डाख देऊन बसवलेले असतात, त्यामुळे एक कंडेन्सर काढताना दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. जोडणी करणाऱ्या स्त्रिया चासीत चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर आपले नाव लिहीत. पन्नास-साठ वर्षांनी अ‍ॅम्प्लिफायर उघडणाऱ्याला ते नाव आजही वाचायला मिळते.

आत काय असते आणि ते का जळते हे फेंडरच्या सर्वांत साध्या अ‍ॅम्प्लिफायरवरून, ‘चॅम्प’वरून, चांगले कळते. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चॅम्पमध्ये तीनच व्हॉल्व्ह होते. 12एएक्स7 हा गिटारचा क्षीण संकेत वाढवतो, 6व्ही6 हा स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देतो आणि 5वाय3 हा रेक्टिफायर एसीचे डीसी करतो. एवढ्या सामग्रीतून मिळणारी शक्ती जेमतेम पाच वॅट. एरिक क्लॅप्टनने 1970 साली ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणात हेच छोटे खोके वापरले. त्यात दोन ट्रान्सफॉर्मर असतात. पॉवर ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या विजेपासून व्हॉल्व्हला लागणारा उच्च दाब आणि तापकांचा अल्प दाब तयार करतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हचा उच्च दाबाचा लहानसा प्रवाह स्पीकरला लागणाऱ्या अल्प दाबाच्या मोठ्या प्रवाहात बदलतो. चॅम्पमध्ये साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरांत तो साडेचारशेच्याही वर जातो. यंत्र बंद करून प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये हा दाब साठून राहू शकतो. म्हणून जळक्या अ‍ॅम्प्लिफायरात हात घालण्यापूर्वी तो साठा रेझिस्टन्समधून रिकामा करून मीटरवर तपासणे, हा या कामाचा पहिला नियम आहे.

जळण्याची सुरुवात बहुतेक वेळा स्वस्त भागापासून होते आणि शेवट महागड्या भागात होतो. पॉवर व्हॉल्व्हची जाळी उणे दाबावर राखावी लागते. तो दाब नाहीसा झाला की व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो, त्याचा धातूचा पत्रा निखाऱ्यासारखा लाल होतो आणि काही मिनिटांत व्हॉल्व्ह आतून शॉर्ट होतो. फ्यूज योग्य क्षमतेचा असेल तर तो तिथेच उडतो आणि नुकसान एका व्हॉल्व्हवर आणि एखाद्या रेझिस्टन्सवर थांबते. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली असेल, तर सगळा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारेतून जातो, तारेवरचे इनॅमल वितळते आणि खोलीभर जळक्या व्हार्निशचा उग्र वास पसरतो. दुसरे कारण याहून फसवे आहे. स्पीकरची तार निघालेली असताना कोणी जोरात वाजवले, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला वाट राहत नाही. दाब अनेक पटींनी चढतो, सॉकेटच्या दोन पिनांमध्ये ठिणगी उडते आणि तिच्या मार्गावर काळी रेघ उमटते. ती काजळी कार्बनची असते आणि कार्बन वीजवाहक आहे. त्यामुळे तिथे वारंवार ठिणगी पडत राहते.

1950च्या दशकात अशा बिघाडांवर निर्णय घेण्याची वेळच फारशी येत नसे. अमेरिकेत औषधांच्या दुकानांतसुद्धा व्हॉल्व्ह तपासण्याची यंत्रे उभी असत. गिऱ्हाईक घरच्या रेडिओचे व्हॉल्व्ह काढून आणी, स्वतः तपासे आणि खराब निघालेला तिथल्या तिथे बदलून घेई. आरसीएची व्हॉल्व्हची पुस्तिका प्रत्येक मेकॅनिकच्या टेबलावर असे आणि तिच्या शेवटी नमुन्याची सर्किटे छापलेली असत. 1965 साली जॅक डार याने केवळ गिटार अ‍ॅम्प्लिफायरांच्या दुरुस्तीवर पुस्तक लिहिले. ते लिहिले होते टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांसाठी. गिटार अ‍ॅम्प्लिफायर हा तुमच्याच ओळखीचा प्राणी आहे, त्याला भिऊ नका, असा त्या पुस्तकाचा एकूण रोख होता. दुरुस्ती न करण्याचा विचार त्या वेळच्या माणसाला सुचला नसता. यंत्र महाग, भाग स्वस्त आणि कारागीर प्रत्येक गल्लीत, असा तो हिशेब होता.

तरीही याच काळात न झालेल्या दुरुस्तीने संगीताच्या इतिहासाला वळण दिले, आणि हा भाग तपशिलाने सांगण्यासारखा आहे. मार्च 1951 मध्ये आइक टर्नरचा ताफा मिसिसिपीहून मेंफिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत निघाला होता. वाटेत विली किझार्टचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर बिघडला. तो गाडीवरून पडला असे काही जण सांगतात, पावसात भिजला असे काही. स्टुडिओत पोचल्यावर तो दुरुस्त करून घेण्याची सोय झाली नाही. फिलिप्सने फाटक्या स्पीकरच्या शंकूत कागद कोंबला आणि त्याच अवस्थेत ध्वनिमुद्रण केले. जॅकी ब्रेन्स्टनच्या नावाने निघालेल्या ‘रॉकेट 88’ या तबकडीत गिटारचा जो भरड, फुटका आवाज आहे तो या कागदाचा आहे. 1958 साली लिंक रे याने ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडली. 1964 साली लंडनमध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या एल्पिको अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा शंकू दाढीच्या पात्याने चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’ची गाजलेली सुरावट त्यातून वाजवली.

सर्वांत बोलका प्रसंग नॅशव्हिलचा. 1961च्या सुमारास मार्टी रॉबिन्सच्या ‘डोंट वरी’ या गाण्यासाठी ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता. त्याचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलच्या ज्या वाहिनीतून जात होता ती बिघडलेली निघाली आणि आवाज मधमाशीच्या गुणगुणीसारखा घरघरू लागला. मंडळींनी तो तसाच ठेवला. गाणे चालले, आणि दुसरे वादक तोच आवाज मागू लागले. तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी याने मग तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या लहानशा सर्किटमध्ये हुबेहूब उतरवला. 1962 साली गिब्सनने ते सर्किट ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाने दाबायच्या पेटीत घालून विकायला काढले. एका नादुरुस्त भागाची नक्कल करून कारखान्यात माल काढला गेला, अशी उदाहरणे उद्योगांच्या इतिहासात फार थोडी सापडतील. तेव्हापासून गिटारवाल्यासाठी ‘बिघडलेला’ आणि ‘चांगला वाजणारा’ हे विरुद्ध शब्द राहिले नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणणारा माणूस आजही कारागिराला सांगतो की जळालेले बदला, पण आवाज बदलू नका. या मागणीची मुळे इथे आहेत.

व्हॉल्व्हचा आवाज बदलू नये असे का वाटते, याला भौतिक कारण आहे. संकेत क्षमतेपलीकडे गेला की ट्रान्झिस्टर त्याची टोके चाकूने कापल्यासारखी सपाट करतो. व्हॉल्व्ह ती हळूहळू गोल करत नेतो. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे लोखंड चुंबकत्वाने तृप्त होते. व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरमुळे जोरात छेडलेल्या सुराच्या आरंभी दाब किंचित खचतो आणि मग सावरतो, त्यामुळे सूर श्वास घेतल्यासारखा फुगतो. यातला प्रत्येक परिणाम एखाद्या ठरावीक भागाशी बांधलेला आहे. म्हणून व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरच्या जागी स्वस्त डायोड बसवले तर यंत्र चालते, आणि तरी वादकाला ते आपले वाटत नाही.

ब्रिटनमध्ये हीच परंपरा थोड्या वेगळ्या वाटेने गेली. आयात केलेले फेंडर तिथे परवडत नव्हते. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचे वाद्यांचे दुकान होते आणि केन ब्रॅन त्यात दुरुस्तीचे काम पाही. 1962 साली ब्रॅनने डडली क्रेव्हनच्या साह्याने फेंडरच्या ‘बासमन’ची नक्कल इंग्लंडमध्ये मिळणारे भाग वापरून बांधली. तिचे नाव जेटीएम45. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेला हा दुसरा मोठा घराणेदार अ‍ॅम्प्लिफायर. 1965 साली पीट टाउनसेंडच्या आग्रहावरून शंभर वॅटचा मार्शल निघाला आणि पुढे त्यात ईएल34 जातीचे चार व्हॉल्व्ह रूढ झाले. केंट परगण्यातील डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीत डिक डेनी याने व्हॉक्सचा एसी30 बांधला. त्यात चार ईएल84 व्हॉल्व्ह दाटीवाटीने बसवलेले असतात आणि ते सतत पूर्ण जोराने तापत राहतात. बीटल्सनी जगभर पोचवलेल्या या अ‍ॅम्प्लिफायरचा गोड आवाज त्या उष्णतेतून येतो. आतले कंडेन्सर आणि तारांवरची आवरणेही त्याच उष्णतेने लवकर सुकतात. जुना एसी30 उघडला तर सॉकेटभोवतीचा भाग तपकिरी झालेला दिसणे हे नेहमीचे.

भारतात या जातीचे अ‍ॅम्प्लिफायर थोडे आले. मुंबईच्या चित्रपट संगीतात व्हॅन शिप्ले यांच्यासारख्यांनी विजेची गिटार रुजवली. गोव्याहून आलेल्या वादकांनी हॉटेलांतल्या आणि स्टुडिओंतल्या वाद्यवृंदांत तिला जागा करून दिली. हे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला वेगळा कारागीर लागत नसे, कारण ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यातून निघालेला रेडिओ किंवा मंडपातला लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर ज्याला कळतो त्याला गिटारचाही कळत असे. व्हॉल्व्हसाठी परदेशाकडे पाहावे लागत नव्हते, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते बनत. उरलेले सामान लॅमिंग्टन रोडवर मिळे. भारतातल्या जळण्याचे एक खास कारण मात्र वेगळे आहे. अमेरिकेतून हौसेने आणलेला अ‍ॅम्प्लिफायर 117 ते 120 व्होल्टसाठी बांधलेला असतो. तो इथल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातला की तापकांना सहाऐवजी बारा व्होल्ट मिळतात, इतर सगळे दाब दुप्पट होतात आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर क्षणात संकटात येतो. फ्यूज नीट असेल तर यंत्र वाचते. वर सांगितलेली ‘फ्यूजच्या जागी तार’ असेल तर वाचत नाही.

1960च्या दशकाच्या उत्तरार्धात दुरुस्तीचा हा सहज व्यवहार संपत आला. जानेवारी 1965 मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतली आणि 1966 साली ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणले. ते वादकांनी नाकारले. पण रेडिओ, टीव्ही आणि टेलिफोन व्हॉल्व्ह सोडून गेले होते आणि गिटारवाल्यांच्या मागणीवर काचेचे मोठे कारखाने चालणार नव्हते. आरसीएने 1976 साली व्हॉल्व्हचे उत्पादन थांबवले, त्यानंतरच्या दशकात पश्चिमेतले बाकीचे मोठे कारखानेही मिटले. गल्लीतला मेकॅनिक म्हातारा झाला, त्याच्या हाताखाली शिकलेला मुलगा ट्रान्झिस्टरवर वाढला. जळका अ‍ॅम्प्लिफायर या काळात फेकला गेला, नाहीतर मिळेल ते घालून चालता केला गेला. अमेरिकेतल्या मार्शलच्या वितरकानेही 1970च्या दशकात ईएल34 वारंवार जातात म्हणून त्यांच्या जागी दणकट 6550 व्हॉल्व्ह घालून यंत्रे विकली. टिकाऊपणाच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता, आवाजाच्या दृष्टीने अनेक वादकांना तो पटला नाही. आज असे यंत्र दुरुस्तीला आले की ते पुन्हा ईएल34वर न्यायचे की नाही हा प्रश्न उभा राहतो.

याच सुमारास उलट वाराही वाहू लागला. रँडल स्मिथ याने कॅलिफोर्नियात फेंडरच्या लहान ‘प्रिन्स्टन’मध्ये फेरफार करून मोठ्या ताकदीचे अ‍ॅम्प्लिफायर बनवले, कार्लोस सांतानाने ते वाजवले आणि मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरात आणखी काही शिल्लक आहे, हे लोकांना यावरून दिसले. 1980च्या दशकात जुन्या यंत्रांच्या किमती चढू लागल्या आणि व्हॉल्व्हचा शोध पोलादी पडद्यापलीकडे गेला. सोव्हिएत लष्कराने व्हॉल्व्ह सोडले नव्हते. 1976 साली सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेंको मिग-25 विमान घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर पळून आला, तेव्हा त्या विमानाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा व्हॉल्व्हची असल्याचे पाश्चात्त्य तज्ज्ञांना आढळले होते. त्या लष्करी गरजेने जिवंत ठेवलेल्या कारखान्यांवर पुढे गिटारवाल्यांची गरज भागली. रशियातील सारातोव, स्लोव्हाकियातील चादत्सा आणि चीनमधील कारखाने आज जगातल्या बहुतेक गिटार अ‍ॅम्प्लिफायरांना व्हॉल्व्ह पुरवतात. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाने निर्यात रोखली तेव्हा काही आठवडे बाजार हादरला होता. निर्यात पुन्हा सुरू झाली, तरी व्हॉल्व्ह कायम मिळतीलच असे धरून चालणाऱ्यांना त्या आठवड्यांनी जाग आणली.

जुन्या यंत्रांना किंमत आल्यावर दुरुस्तीच्या निर्णयात एक नवा पक्षकार आला, तो म्हणजे संग्राहक. फेंडरच्या ट्रान्सफॉर्मरवर आणि स्पीकरवर आकडे छापलेले असतात. 606ने सुरू होणारा आकडा शूमाकर कंपनीचा, 830 ट्रायडचा, 220 जेन्सनच्या स्पीकरचा, 465 ऑक्सफर्डचा, आणि पुढच्या आकड्यांत वर्ष आणि आठवडा. मूळ आकड्यांचा ट्रान्सफॉर्मर असलेले यंत्र आणि बदललेला ट्रान्सफॉर्मर असलेले यंत्र यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. म्हणून चांगले कारागीर काढलेला प्रत्येक भाग, अगदी फुटलेला कंडेन्सरसुद्धा, पिशवीत घालून मालकाला परत देतात. ही पद्धत सगळीकडे पाळली जावी. पण मूळपणाच्या हव्यासाला मर्यादा हवी. फिल्टर कंडेन्सरमधला द्रव पदार्थ काही दशकांत सुकतोच. मूळ आहेत म्हणून सुकलेले कंडेन्सर ठेवले तर ते एक दिवस फुटतात आणि ज्याला जपायचे होते तो ट्रान्सफॉर्मरच घेऊन जातात.

आणखी एका मूळ भागाला तर जागाच असता कामा नये. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरांना दोन पिनांचा प्लग असे आणि गुणगुण कमी करण्यासाठी विजेच्या एका तारेपासून चासीपर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की घरातली वीज चासीवर, तिथून गिटारच्या तारांवर आणि वादकाच्या बोटांवर येते. धंद्यात त्याला ‘मरणाचा कंडेन्सर’ म्हणतात. अर्थिंगच्या चुका किती महाग पडतात हे स्टोन द क्रोज या बँडच्या लेस हार्वीच्या मृत्यूने दाखवले. मे 1972 मध्ये वेल्समधील स्वॉन्झी इथे रंगमंचावर अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला हात लागून तो जागीच गेला. भारतात विजेचा दाब अमेरिकेच्या जवळपास दुप्पट असल्याने इथे धोका अधिकच आहे. तीन पिनांचा प्लग बसवणे आणि हा कंडेन्सर काढणे याने यंत्राची किंमत घटली तरी ते करायलाच हवे.

1970च्या दशकाच्या मध्याला मार्शलने आणि पुढे जवळपास सगळ्यांनीच छापील सर्किट बोर्ड स्वीकारला. त्याने उत्पादन स्वस्त झाले, दुरुस्तीचे गणित मात्र फिरले. जुन्या तंतुबोर्डावर रेझिस्टन्स जळला तर तो काढून नवा लावला की झाले. छापील बोर्डावर, त्यातही व्हॉल्व्हची सॉकेटे थेट बोर्डावर बसवलेली असतील तर, उष्णतेने तांब्याच्या पट्ट्या सुटतात, डाख कोरडा पडून तडकतो आणि ठिणगी पडली की बोर्डाचा पदार्थच कोळसा होतो. वरून साफ केले तरी कोळसा आत राहतो आणि चारशे व्होल्टना त्यातून वाट सापडते. तो करपलेला भाग कोरून पूर्ण काढावा लागतो, मग सॉकेट चासीवर घेऊन तारांनी जोडावे लागते. हे काम होते, पण त्याला तास लागतात, आणि स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत ते तास यंत्रापेक्षा महाग पडतात.

निर्णयाचा खरा काटा ट्रान्सफॉर्मरवर थांबतो. तपासण्याची जुनी पद्धत अजून सर्वांत चांगली आहे. आधी डोळ्यांनी आणि नाकाने पाहणी होते. मग सगळे व्हॉल्व्ह काढून, साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून यंत्राला वीज दिली जाते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जिवंत असण्याची शक्यता मोठी. व्हॉल्व्ह नसतानाही बल्ब लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट आतच आहे. तो ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत आहे की त्याच्या पुढच्या रेक्टिफायर-कंडेन्सरमध्ये, हे ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूच्या तारा सोडवून पाहिले की कळते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर यंत्रापासून सोडवून त्याच्या स्पीकरच्या बाजूला चार-पाच व्होल्ट एसी देतात आणि दुसऱ्या बाजूला किती मिळतात ते मोजतात. वेढ्यांचे गुणोत्तर जुळले नाही तर काही वेढे आपसांत जुळून गेलेले असतात.

जळालेला पॉवर ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळता येतो. मोटारींचे वाइंडिंग करणारा कुशल माणूस स्टॅम्पिंगच्या पट्ट्या मोकळ्या करून, जुनी तार वेढे मोजत उलगडून, त्याच गेजची नवी तार बॉबिनवर चढवू शकतो. शिवाय त्याच वेळी प्राथमिक गुंडाळी 230 व्होल्टची करून घेता येते. भारतातल्या मालकासाठी हा फायदा मोठा आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे तसे नाही. त्यातल्या दोन गुंडाळ्या थरांथरांनी एकमेकींत गुंफलेल्या असतात. थरांची संख्या, कागदाची जाडी आणि पट्ट्यांमधली फट यांवर आवाजाची वरची धार आणि खालची भर अवलंबून असते. ज्याने असे ट्रान्सफॉर्मर पूर्वी गुंडाळलेले आहेत त्याच्याच हातात तो द्यावा. नाहीतर त्या नमुन्याबरहुकूम तयार मिळणारा नवा घ्यावा आणि जुना, जळका असला तरी, जपून ठेवावा.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर शाबूत असतील तर व्हॉल्व्ह, कंडेन्सर, सॉकेटे कितीही जळालेली असोत, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करावा. एक ट्रान्सफॉर्मर गेला असेल आणि यंत्र हाताने जोडलेले असेल तरीही करावा. दोन्ही गेले असतील आणि बोर्ड छापील असून कोळसा झाला असेल, तर खोके, स्पीकर आणि शिल्लक व्हॉल्व्ह दुसऱ्या यंत्रासाठी काढून घ्यावेत आणि चासी मोडीत द्यावी.